परदेशी अभ्यासदौरा : आधी प्रश्न, मग पासपोर्ट

‘अभ्यासदौरा’ हा शब्द कानी पडला की सामान्य नागरिकाच्या ओठांवर किंचित हसू उमटते. कोणा समितीचे सदस्य, कोणा संस्थेचे पदाधिकारी, कोणा खात्याचे अधिकारी परदेशी जातात; तेथे पुष्पगुच्छ आणि छायाचित्रे होतात; परतल्यावर दोन वाक्यांचे निवेदन प्रसिद्ध होते आणि विषय संपतो. अभ्यास किती झाला आणि दौरा किती झाला याचा हिशेब कोणी मागत नाही व कोणी देतही नाही, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज सर्वस्वी खरा नसला तरी तो निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु तेवढ्यावरून परदेशी जाऊन शिकण्याची कल्पनाच टाकाऊ ठरविणे म्हणजे नासलेल्या दुधाचा राग गाईवर काढण्यासारखे होईल. बहुसंख्य दौरे निष्फळ का होतात आणि मोजके दौरे एखाद्या व्यवसायाचे रूप पालटण्याइतके फलदायी का ठरतात, याची चिकित्सा करणे अधिक उपयुक्त आहे.

अशा चिकित्सेसाठी उदाहरण मुद्दामच दूरचे घेतलेले बरे. परिचयाचा विषय निवडला की पक्ष, जात आणि जिल्हा ही तिन्ही आड येतात. मांसासाठी गुरे पोसण्याचा व्यवसाय हे असे एक दूरचे उदाहरण आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधास बंदी होती आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने ती वळू व बैल यांनाही लागू झाली. त्यामुळे गोमांस-उत्पादन हा येथील शेतकऱ्याचा विषय नव्हे. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, उरुग्वे, ब्राझील येथे मात्र तो शेतीचा एक मोठा आधार आहे. त्या व्यवसायाच्या नीतिमत्तेविषयी वाचकांची मते काहीही असोत. एखाद्या इंग्रज शेतकऱ्याला आज आपला धंदा टिकविण्यासाठी परदेशी जाऊन काही शिकावयाचे असेल, तर त्याने तो दौरा कसा आखावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे.

इंग्रज शेतकऱ्याची कोंडी

ब्रिटनमधील गोपालक गेल्या चाळीस वर्षांत तीन आघातांतून गेला आहे. पहिला ‘मॅड काउ’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या रोगाचा. १९८६ मध्ये त्याचे निदान झाले. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा स्वस्त प्रथिन म्हणून गुरांच्या खाद्यात मिसळण्याच्या प्रथेमुळे तो फैलावला आणि १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांमध्ये तो आढळला. हा रोग माणसापर्यंत पोचला असण्याचा संभव आहे, अशी कबुली २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारने संसदेत दिली. त्यानंतर युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर जगभर बंदी घातली. दुसरा आघात २००१ मधील लाळ-खुरकुताच्या साथीचा. ती आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांच्या घरात जनावरे मारावी लागली. त्यांत मेंढ्याच अधिक होत्या.

तिसरा आघात धोरणाचा आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. संघात असताना शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रानुसार थेट अनुदान मिळत असे. इंग्लंडमध्ये ते २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले असून २०२७ हे त्याचे अखेरचे वर्ष ठरविण्यात आले आहे. डोंगराळ भागात, जेथे गवताखेरीज दुसरे काही पिकत नाही, तेथे गुरे-मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नात या अनुदानाचा वाटा फार मोठा होता. त्याच सुमारास, ३१ मे २०२३ रोजी, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी झालेले व्यापारकरार अमलात आले. ऑस्ट्रेलियाला पहिल्या वर्षी ३५ हजार टन गोमांस जकातीविना पाठविण्याची मुभा मिळाली. दहाव्या वर्षी ती १ लाख १० हजार टनांवर जावयाची आहे. न्यूझीलंडच्या बाबतीत हेच प्रमाण १२ हजार टनांपासून ३८ हजार ८२० टनांपर्यंत वाढत जाणार आहे. एवढे मांस प्रत्यक्षात येईलच असे नव्हे. परंतु ते केव्हाही येऊ शकते ही जाणीवच बाजारभावाच्या वाटाघाटीत शेतकऱ्याचा हात दुबळा करते.

म्हणजे एका बाजूने आधार काढून घेतला जात आहे आणि दुसऱ्या बाजूने दार उघडले जात आहे. अशा वेळी वडिलोपार्जित गोठा चालवावा, लहान करावा की मोडावा, हा निर्णय त्या शेतकऱ्याला चार-दोन वर्षांत घ्यावयाचा आहे. या परिस्थितीत तो काही आठवडे परदेशी जातो तेव्हा तो दौरा हौसेचा उरत नाही. त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष त्याला त्याच्या शेताएवढा महाग पडू शकतो.

टेक्सासमधून आलेले गिऱ्हाईक

फलदायी दौऱ्याचे एक जुने उदाहरण या व्यवसायाच्या इतिहासातच आहे आणि त्याचा संबंध थेट भारताशी येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रदेशात, एबल पिअर्स नावाचा एक बडा पशुपालक होता. ‘शांघाय’ पिअर्स या टोपणनावानेच तो ओळखला जाई. त्या प्रदेशातील गुरांना एका तापाने घेरले होते. तो गोचिडांमुळे पसरतो हे स्मिथ आणि किलबोर्न या दोघा संशोधकांनी १८९३ मध्ये सिद्ध केले. पिअर्सचाही संशय गोचिडांवरच होता. गोचिडांना दाद न देणारी गुरांची जात कोठे मिळेल, एवढा एकच प्रश्न घेऊन तो युरोपभर हिंडला. युरोपात त्याला उत्तर मिळाले नाही. मिळणे शक्यही नव्हते. कारण थंड प्रदेशातील गुरांना उष्ण प्रदेशातील गोचिडांशी झुंजण्याची सवय कोठून असणार? परंतु मनात प्रश्न पक्का असल्यामुळे त्याचे लक्ष वशिंडाच्या भारतीय गुरांकडे वळले आणि हीच जात टिकेल अशी त्याची खात्री पटली.

१९०० मध्ये पिअर्स वारला. त्याच्या मागे त्याच्या संस्थानाने १९०६ मध्ये भारतातून तीस वळू आणि तीन गाई टेक्सासमध्ये नेल्या. या आणि अशाच इतर आयातींतून ‘अमेरिकन ब्राह्मण’ ही जात घडली आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटनाही स्थापन झाली. या जातीच्या पूर्वजांत गुजरातचे कांक्रेज व गीर आणि आंध्रचे ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकाठची गुरेही गणली जातात. सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यातील चिकट काळ्या जमिनीत नांगर ओढण्यासाठी जोपासलेले हे जनावर टेक्सासच्या कुरणात मांसाच्या धंद्याचा आधार झाले.

ब्राझीलची कथा याहून मोठी आहे. तेथील पशुपालक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात येत होते. मोठ्या प्रमाणावरील अखेरची आयात १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत झाली. ओंगोल जातीचे तेथे ‘नेलोर’ असे नामकरण झाले. आज ब्राझीलच्या वीस कोटींहून अधिक गुरांपैकी बहुतांश भारतीय वंशाची आहेत आणि गोमांसाच्या निर्यातीत तो देश जगात पहिला आहे. उबेराबा या गावी या वशिंडाच्या गुरांची नोंदणी ठेवणारी संघटना असून तेथे दरवर्षी त्यांचे मोठे प्रदर्शन भरते. इकडे कृष्णाकाठची मूळ जात मात्र संख्येने रोडावत गेली. बाहेरच्याने हजारो मैलांवरून येऊन जे पाहिले ते घरच्यांच्या नजरेतून सुटले, असेच म्हणावे लागेल.

या दोन्ही उदाहरणांत समान गोष्ट एकच आहे. ही माणसे भारतीय शेती पाहावयास आली नव्हती, भारतीय गोठा कसा असतो हे पाहावयासही आली नव्हती. ऊन आणि गोचीड सोसणारे जनावर हवे, हा नेमका प्रश्न त्यांच्याजवळ होता. प्रश्न नेमका होता म्हणून उत्तर ओळखता आले.

कोठे जावे?

आजच्या इंग्रज शेतकऱ्याचा प्रश्न जनावराच्या जातीचा नाही. त्याच्या डोंगरावरील जाती त्याच्या हवेला उत्तम मानवतात. त्याच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत आणि प्रत्येक प्रश्नाचा देशही निराळा आहे. हे ध्यानात न घेता सहा देशांचा धावता दौरा आखला तर सहा विमानतळांखेरीज काही पाहून होणार नाही.

अनुदान गेल्यावर शेतीचे काय होते, असा प्रश्न असेल तर न्यूझीलंडला पर्याय नाही. १९८४ मध्ये तेथील मजूर पक्षाच्या सरकारने शेतीची अनुदाने जवळजवळ एका झटक्यात बंद केली. त्यावेळी दर दहा शेतकऱ्यांपैकी एक देशोधडीला लागेल अशी भाकिते झाली होती. प्रत्यक्षात सक्तीने शेत विकावे लागलेल्यांचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहिले, असे सांगितले जाते. या यशाचे गोडवे जगभर गायिले जातात. परंतु त्याचबरोबर हेही पाहावयास हवे की १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सात कोटींवर असलेली तेथील मेंढ्यांची संख्या पुढे अडीच कोटींच्याही खाली आली. जमिनीच्या किमती कोसळल्या, व्याजाचे दर भडकले, १९८५ मध्ये चलनाचा विनिमयदर मोकळा सोडला गेला आणि पुढे कित्येक कुरणांवर दुधाचा धंदा किंवा जंगल उभे राहिले. शेती टिकली, पण तीच शेती टिकली नाही. म्हणून तेथे जाणाऱ्याने टिकलेल्यांच्या बरोबरीने मेंढ्या विकून दुसऱ्या धंद्यात गेलेल्यांनाही गाठले पाहिजे.

मालाला परदेशात विश्वास कसा मिळवावा, असा प्रश्न असेल तर उरुग्वेला जावे. सुमारे पस्तीस लाख लोकवस्तीच्या या देशात माणशी तीनहून अधिक गुरे आहेत. २००१ च्या लाळ-खुरकुताच्या साथीने त्याच्या बाजारपेठा बंद पडल्या. त्या आघातातून धडा घेऊन या देशाने २००६ पासून प्रत्येक वासराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा केला. त्यामुळे जन्मापासून कत्तलखान्यापर्यंत प्रत्येक जनावराचा माग राहतो. बिल्ल्याचा खर्च सरकारने उचलला हे येथे विशेष महत्त्वाचे. कारण विश्वास ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा खर्च एकेका शेतकऱ्यावर टाकला तर तो टाळण्याकडेच प्रत्येकाचा कल राहतो. ब्रिटननेही १९९६ नंतर गुरांना पासपोर्ट दिले. पण तेथे ते संकटाचे ओझे म्हणून आले, तर उरुग्वेने ते विक्रीचे साधन बनविले.

लहान शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून कसे शिकावे, हा प्रश्न असेल तर आयर्लंड जवळच आहे. तेथील टीगास्क या सरकारी संशोधन व सल्ला संस्थेच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांची लहान लहान चर्चामंडळे चालतात. मंडळातील सभासद आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर जमतात आणि खर्चाचे आकडे एकमेकांपुढे उघडे करतात. तथापि याच आयर्लंडमध्ये वासरांसाठी गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याचे थेट अनुदान अनेक वर्षी त्याच्या एकूण शेतीउत्पन्नाहूनही अधिक भरते. म्हणजे अनुदान वजा केले तर धंदा तोट्यात आहे. शिकण्याची पद्धत उत्तम असूनही धंद्याचे गणित जमलेले नाही, हीदेखील शिकण्यासारखीच गोष्ट आहे.

आणि भावाचा प्रश्न असेल तर अमेरिका. २०२५ च्या आरंभी तेथील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरचा हा नीचांक होता. दुष्काळ आणि महाग वैरण यांमुळे शेतकऱ्यांनी कळप विकले, पुरवठा आटला आणि भाव चढले. पण कंदाणाऱ्या आवारात धान्यावर पोसलेली तयार गुरे विकत घेणाऱ्यांत चार मोठ्या कंपन्यांचा वाटा सुमारे पंचाऐंशी टक्के आहे. विकणारे हजारो आणि घेणारे चार, अशा बाजारात ग्राहकाने मोजलेल्या पैशातील किती भाग शेतकऱ्याच्या हाती येतो, हे तेथील शेतकऱ्याच्या पावत्यांवरून समजते. कांदा आणि ऊस यांचे व्यवहार पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

केव्हा जावे आणि काय विचारावे?

दौऱ्याचा हंगाम ही बाब क्षुल्लक वाटते, पण ती निर्णायक असते. न्यूझीलंड आणि उरुग्वे हे दक्षिण गोलार्धात आहेत. ब्रिटनमध्ये बर्फ असताना, जानेवारीत, तेथे उन्हाळा असतो. गवत पोटरीएवढे, वासरे टुणटुणीत आणि यजमान निवांत. इंग्रज शेतकऱ्याला थंडीतून सुटका म्हणून हाच काळ सोयीचा वाटतो. परंतु त्या देशांतील गोपालकाची खरी परीक्षा हिवाळ्याच्या अखेरीस, ऑगस्टच्या सुमारास होते. त्यावेळी गवत संपत आलेले असते, गाई विण्याच्या बेतात असतात आणि साठविलेली वैरण पुरेल की नाही याची विवंचना असते. २०२२-२३ मध्ये उरुग्वेला तीव्र दुष्काळ पडला. त्या वर्षी कोणी किती गुरे विकली आणि कोणी कशी राखली, हे विचारणारा पाहुणा यशस्वी शेताची छायाचित्रे घेणाऱ्या दहा पाहुण्यांपेक्षा अधिक शिकून परत येईल.

दुसरी गोष्ट खर्चाची. विमानभाडे आणि निवास हा दौऱ्याचा दिसणारा खर्च होय. न दिसणारा खर्च घरी असतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात गुरे गोठ्यात असतात. त्यांना रोज मुरघास घालावा लागतो, गाभण गाईंवर नजर ठेवावी लागते. मालक सहा आठवडे बाहेर राहिला तर हे काम पत्नी, वडील किंवा रोजंदारीचा गडी यांच्यावर पडते. अर्थशास्त्रात याला पर्यायी संधीचे मोल म्हणतात. ते धरल्याशिवाय दौरा स्वस्त की महाग हे सांगता येत नाही आणि बहुधा ते कोणी धरत नाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. रोग बुटांच्या मातीतून सीमा ओलांडू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ पाळीव म्हशींच्या एका कळपात लाळ-खुरकूत आढळले; १९८८ नंतर त्या देशात ते प्रथमच दिसले. लागलीच अनेक देशांनी जर्मन मांस व दूध यांच्या आयातीवर निर्बंध घातले. शेतांवर हिंडून आलेल्या पाहुण्याने आपले कपडे व पादत्राणे निर्जंतुक केल्याशिवाय स्वतःच्या गोठ्यात पाऊल टाकू नये, हा नियम शिष्टाचाराचा भाग मानू नये. तो शेजाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचारपूस कोणाकडे करावी हे. बहुतेक दौऱ्यांत यजमान संस्था आपली निवडक शेते दाखविते. ती पाहण्यात गैर काही नाही; परंतु जे शेत दाखविण्यासाठी ठेवलेले आहे ते चालविण्यासाठी ठेवलेले असतेच असे नाही. गावातील बँकेचा अधिकारी, पशुवैद्य, गुरांच्या बाजारातील अडत्या आणि धंदा सोडून दिलेला शेतकरी, या चौघांशी बोलल्याखेरीज कोणत्याही देशाचे पशुपालन कळले असे म्हणू नये. माहिती आज घरबसल्या मिळते, मग जावयाचे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर येथेच आहे. यशाच्या कथा छापल्या जातात. कर्जाची वही मात्र स्वयंपाकघरातील टेबलावर, दोन दिवसांच्या सहवासानंतर, एक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्यापुढेच उघडतो.

काय उचलावे?

परदेशात पाहिलेली वस्तू जशीच्या तशी घरी आणता येते, हा अभ्यासदौऱ्यांतील सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियात जनावर स्वस्तात वाढते त्यामागे अफाट कुरणे आहेत. अमेरिकेत ते धान्यावर लवकर तयार होते त्यामागे मक्याचा प्रचंड पुरवठा आहे. ब्राझीलमधील स्वस्त मांसाच्या हिशेबात तोडलेल्या जंगलाची किंमत फार काळ मांडलीच गेली नव्हती. ती मांडली जावी म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला आणि त्याची अंमलबजावणी पुन्हा पुन्हा लांबणीवर पडली, यावरूनच त्या किमतीचा आकार ध्यानात यावा. जमीन, हवामान, मजुरी आणि कायदे यांवर उभा असलेला उत्पादनखर्च सामानाच्या पेटीत भरून आणता येत नाही.

आणता येतात त्या तीन गोष्टी. पहिली, एखादे तंत्र, जसे की कुरणाचे लहान तुकडे करून त्यांत गुरे आळीपाळीने चारणे. दुसरी, एखादी संस्था, जशी आयर्लंडची चर्चामंडळे किंवा उरुग्वेची नोंदणी. तिसरी, एखादा इशारा, म्हणजे कोणत्या वाटेने जाऊ नये याचे ज्ञान. यांपैकी तिसरीची किंमत बहुधा सर्वांत अधिक असते आणि अहवालांत तिचाच उल्लेख सर्वांत कमी असतो. कारण ‘हे आपल्याकडे करू नये’ एवढेच सांगण्यासाठी एवढा खर्च केला, असे म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

परतल्यानंतर

दौरा विमानतळावर संपत नाही, तेथे त्याचा उत्तरार्ध सुरू होतो. ब्रिटनमध्ये मोटारउत्पादक विल्यम मॉरिस, म्हणजेच लॉर्ड नफिल्ड, यांच्या नावाने १९४७ पासून शेतकऱ्यांसाठी प्रवासी शिष्यवृत्त्या दिल्या जातात. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांतही ही प्रथा रुजली. तिचे वैशिष्ट्य असे की शिष्यवृत्ती मागणाऱ्याने आधी आपला विषय मांडावा लागतो, निवड त्यावरून होते आणि परतल्यावर लेखी अहवाल सादर करून तो इतर शेतकऱ्यांपुढे तोंडी मांडावा लागतो. ते अहवाल कोणालाही वाचावयास खुले असतात. गोमांस-उत्पादनावरही असे अहवाल लिहिले गेले आहेत. ज्याला आज दौरा आखावयाचा आहे त्याने प्रथम ते वाचावेत, म्हणजे पूर्वीच्यांना मिळालेली उत्तरे पुन्हा विकत घ्यावी लागणार नाहीत.

मराठी माणसाला ही शिस्त नवी नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी जी शिष्यवृत्ती दिली, तिच्यासोबत परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. पुढे त्या सेवेचे काय झाले आणि बडोद्यात त्यांना कशी वागणूक मिळाली हा वेगळा व दुःखद इतिहास आहे. परंतु सार्वजनिक पैशाने परदेशी जाणाऱ्याने समाजाचे काही देणे लागते, हे तत्त्व त्या करारात स्पष्ट होते.

महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाचीही शेतकऱ्यांना परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी अर्थसाह्य देणारी योजना आहे. द्राक्षे, फळबागा, ठिबक सिंचन, दुग्धव्यवसाय यांविषयी शिकण्यासारखे परदेशात पुष्कळ आहे आणि ते शिकण्याचा हक्क अधिकाऱ्याइतकाच शेतकऱ्यालाही आहे. म्हणून योजना असावी हे उत्तमच. तिचे मोल वाढवावयाचे असेल तर उपाय खर्चाचे नाहीत. अर्जासोबत ‘काय पाहणार’ याऐवजी ‘कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधणार’ हे एका पानात लिहून घ्यावे. त्याच विषयावरील पूर्वीचे अहवाल अर्जदाराने वाचल्याची खात्री करावी. एका दौऱ्यात एक, फार तर दोन देश ठेवावेत. परतल्यावर सहा महिन्यांच्या आत मराठीत अहवाल घ्यावा, तो सर्वांना वाचावयास उपलब्ध करावा आणि दौरा करणाऱ्याने आपल्या तालुक्यात निदान एका सभेत प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दोन वर्षांनी कोणी जाऊन त्याच्या शेतात काय बदलले, काय फसले, हे पाहून त्याच अहवालाला एक पान जोडावे. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे काम सोपविले तर त्यांचेही शिक्षण होईल.

यावर असे म्हटले जाईल की शेतकऱ्याला अहवाल लिहावयास लावणे जुलमाचे आहे. हा आक्षेप शेतकऱ्याला कमी लेखणारा आहे. ज्याला पिकाचा खर्च आणि उधारीचा हिशेब तोंडपाठ असतो त्याला आपण काय पाहिले हे सांगता येतेच. लेखणी हवी असेल तर गावातला शिक्षक ती धरील. खरी अडचण दुसरीच आहे. नेमका प्रश्न विचारला की दौऱ्याला जाणाऱ्यांची संख्या घटते आणि अहवाल मागितला की ती आणखी घटते. ज्यांना केवळ जावयाचे आहे त्यांना या अटी जाचतील; ज्यांना शिकावयाचे आहे त्यांना त्या जाचण्याचे कारण नाही.

इंग्लंडच्या डोंगरावरील शेतकऱ्यापुढे २०२७ ची तारीख उभी आहे, म्हणून त्याला आपला प्रश्न ठाऊक आहे. आपल्याकडील शेतकऱ्यापुढे अशी तारीख छापलेली नसते. पाऊस, भाव आणि कर्ज ती न सांगता ठरवितात. म्हणूनच प्रश्न आधी लिहून काढण्याची गरज येथे अधिक आहे. टेक्सासचा पशुपालक एक प्रश्न घेऊन निघाला आणि त्याचे उत्तर कृष्णाकाठापर्यंत येऊन पोचले. आता कृष्णाकाठचा शेतकरी जेव्हा परदेशी निघेल तेव्हा त्याच्या खिशातही असाच एक प्रश्न असावा आणि परतल्यावर त्याचे उत्तर ऐकण्याची उत्सुकता त्याच्या गावाला व शासनालाही असावी.